आईला गिरणीत एकटीला जाऊ दे

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. फोनवर एवढं लिहायचं म्हणजे माझी बोटं दुखतात, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतेय. अक्षर लागलं नाही तर विचार.

सगळ्यांना गावाहून डोंबिवलीला आणून दोन महिन्यांत तू घर शोधलंस, गॅस घेतलास, धाकट्याला नववीत घातलंस, अण्णांच्या बीपीच्या गोळ्यांचं बघितलंस. आणि शेवटी विचारलंस, "मावशी, मी सगळं करतेय, तरी घरात कुणी खूश का नाही?" अगं, सगळं तूच करतेयस, तिथंच घोडं पेंड खातंय. त्याच मेसेजात तू सहज लिहून गेलीस की आईला गिरणीतसुद्धा एकटीला पाठवत नाहीस, मधे मोठा रस्ता आहे. त्या ओळीवर मी अडकले. का, ते सांगते. ही गोष्ट मी आजवर कुणाला फारशी सांगितलेली नाही.

१९८९ साली मी साताऱ्याकडच्या माण तालुक्यातून डोंबिवलीला आले. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी, भाड्याची दीड खोली, सोबत आई. वडील आदल्या वर्षी गेले होते. पहिले चार महिने आई जिन्याखालच्या नळापलीकडं गेली नव्हती. मग एके दिवशी मी ड्युटीवर असताना ती एकटीच निघाली, मुंब्र्याला चुलतबहिणीकडं. तेव्हा इंडिकेटरवर नुसतं एक अक्षर असायचं. के म्हणजे कल्याण, एन म्हणजे कसारा. शेजारी गाडी स्लो की फास्ट. आईला अक्षरओळख नव्हती. पुढ्यात आली त्या गाडीत बाया चढल्या, तीही चढली. गाडी निघाली फास्ट. त्या काळी फास्ट गाड्या मुंब्र्याला न जाता पारसिकच्या बोगद्यातून थेट ठाण्याला निघायच्या. १९१६ सालचा तो बोगदा सव्वा किलोमीटरहून लांब. भर दुपारी अंधार झाला, कानाला दडे बसले आणि आईला वाटलं, झालं, संपलं.

ठाण्याला एका भाजीवालीनं तिला हाताला धरून परतीच्या स्लो गाडीत बसवून दिलं. ती घरी आली तेव्हा साडेसात वाजून गेले होते. मी दारात उभी, शेजारपाजारचे गोळा झालेले. आणि पोरी, आई हसत होती. पदरानं तोंड पुसत म्हणाली, "बाई गं, डोंगरानं गिळलं आन् परत भायेर काढलं मला." तिला सगळं सांगायचं होतं. डब्यात कोण होतं, भाजीवालीनं काय विचारलं, ठाण्याचा पूल केवढा.

मी ऐकून घेतलं नाही. चार माणसांसमोर तिला बोलले. उद्यापासून एकटी बाहेर पडायचं नाही, म्हणाले. तिनं ऐकलं. पुढं दोन वर्षं ती एकटी कुठंही गेली नाही. भाजी मी आणायची, दळण मी आणायचं. संध्याकाळी मी दमून आले की ती खिडकीत बसलेली. मग मीच तिच्यावर चिडायची की दिवसभर नुसती बसून असतेस.

म्हणून गिरणीचं म्हणते. तुझ्या आईनं आयुष्यभर ज्वारी खाल्लीय, पिकवलीय. ती मुठीत घेऊन सांगेल मालदांडी आहे की नाही. तू दळण आणतेस ते गव्हावर दळलेलं असतं, भाकरी नीट होत नाही आणि तू म्हणतेस इथली ज्वारीच वाईट. जाऊ दे तिला. ती गिरणीवाल्याशी भांडेल, "ज्वारीवर ज्वारी टाक, न्हाईतर थांबते मी." तो आठवड्यातली वार-वेळ सांगेल. तिथं आणखी चार जणी डबे घेऊन उभ्या असतात, त्यातली एखादी साताऱ्याची निघेल, एखादी सोलापूरची. मी तुझ्या आईच्या चार ओळखी करून देऊ शकत नाही, तूही नाही. पहिल्या दिवशी दोघी बरोबर जा, रस्ता कुठं ओलांडायचा ते दाखव. दुसऱ्या दिवशी तू घरात थांब. खिडकीतून बघू नकोस.

खालच्या मजल्यावरून भाकरी थापण्याच्या आवाजाची तक्रार आली म्हणालीस. परातीखाली ओल्या फडक्याची घडी घालायची, किंवा पोतं दुमडून. आणि त्या बाईंना एकदा गरम भाकरी आणि ठेचा नेऊन द्यायचा. तोही आईनंच.

आता अण्णा. बाईमाणसाला निदान स्वयंपाकघर तरी बरोबर येतं. शेतकऱ्याचं सगळंच मागं राहतं. चौथ्या मजल्याच्या गॅलरीत बसून ते आभाळ बघतात, तर तू त्यांना टीव्ही लावून देतेस! आभाळ बघतात म्हणजे तिकडं पाऊस झाला का ते बघतात, एवढं तुला कळायला हवं. जमीन वाट्यानं दिलीय ना? मग रब्बीच्या पेरणीला आणि काढणीला त्यांना गावी जाऊ दे, पंधरा-पंधरा दिवस. ई-पीक पाहणी शेतात उभं राहून मोबाइलवर करावी लागते. ती दुसऱ्यावर सोपवू नका, पुढं नुकसानभरपाईच्या वेळी सातबाऱ्यावरची पिकाची नोंदच बघतात. ते ॲप त्यांना एकदा नीट शिकव. चैत्रात शिखर शिंगणापूरची यात्रा त्यांनी चुकवू नये. शहरात राहायचं म्हणजे गाव तोडायचं, असं काही नसतं. जाऊन-येऊन राहणारी माणसं इथं जास्त टिकतात, हे मी पस्तीस वर्षं बघतेय.

सोसायटीच्या वॉचमननं त्यांना नोकरीचं सुचवलं, त्यावरून तू रडलीस. रडू नकोस, त्यांना विचार. पगारापेक्षा सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचं कारण त्यांना हवं असेल. फक्त बारा तासांची रात्रपाळी नको, बीपी आहे.

रेशनचं सोपं आहे. तुमचं कार्ड प्राधान्य कुटुंबाचं आहे आणि आधार जोडलेलं आहे, म्हणजे गावाकडचं नाव न कापता इथल्या दुकानातही धान्य मिळतं. मात्र अण्णांच्या अंगठ्याच्या रेघा कुदळीनं झिजल्यात, मशीन घेणार नाही. दुकानदार "उद्या या" म्हणाला की मुकाट्यानं परत यायचं नाही, दुसरं बोट लावून बघायचं. नाहीतर आईचा अंगठा.

घरमालक म्हणाले ना, नोंदणीचा खर्च कशाला, स्टॅम्प पेपरवर करू? ऐकू नकोस. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा आणि तो नोंदवून घ्यायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते धरलं जातं, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. हे त्यांना गोडीनं सांग. कोर्टात जायची वेळ येत नाही, पण नोंदवलेला कागद पत्त्याचा पुरावा म्हणून पदोपदी लागतो.

धाकट्याची मला फारशी काळजी नाही. वर्गात त्याच्या "लई"ला हसतात, तो सहा महिन्यांत त्यांच्यासारखं बोलायला लागेल आणि मग बाजारात आईचा आवाज मोठा वाटून दहा पावलं पुढं चालेल. तेव्हा एक ठेवून दिलीस तरी चालेल. लोकलच्या दाराचं मात्र त्याला आत्ताच बजाव. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ दारात लोंबकळणारी माणसं रुळांवर पडून गेली. गाडी सुटली तर सुटली.

आणखी एक येणार आहे, आधीच सांगून ठेवते. शहरात घर झालं की ते गावाचं होतं. कुणाला केईएममध्ये दाखवायचं असेल, कुणाला टाटामध्ये. नाही म्हणू नकोस, पण महिनोन् महिने चालणाऱ्या उपचारांना तुमची दोन खोल्यांची जागा पुरणार नाही आणि डोंबिवलीहून परळला पेशंटला रोज लोकलनं नेणं म्हणजे हाल. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथं कॅन्सरचे पेशंट आणि त्यांच्याबरोबरची माणसं राहतात. चौकशी करून ठेव. आणि हे सांगायचं काम अण्णांना दे, पाहुण्यांना तुझ्यापेक्षा त्यांचा शब्द पटेल.

तुझं स्वतःचं एकच सांगते. ऑफिसातून आल्यावर "काय काय केलंत आज?" असं मास्तरणीसारखं विचारू नकोस. आई आपण होऊन सांगेल तेव्हा हातातला फोन खाली ठेव. चुकली, हरवली, पन्नास रुपये जास्त देऊन आली, तरी आधी पूर्ण ऐक. त्या रात्री माझ्या आईनं मला पुलाचं काय सांगितलं असतं, ते आता कुणाला विचारू?

या रविवारी आईला माझ्याकडं पाठव, एकटीला. दुपारची स्लो गाडी, गर्दी नसते. कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे, मग मुलुंड. सहावं स्टेशन. बोटावर मोजत यायला सांग. मी पुढच्या लेडीज डब्यापाशी उभी असेन. माझा नंबर मोठ्या आकड्यांत चिठ्ठीवर लिहून तिच्या बटव्यात ठेव. तू यायचं नाहीस आणि दर स्टेशनला फोनही करायचा नाही. ठाण्यालाच उतरली किंवा पुढं गेली, तर मी जाऊन घेऊन येईन.

गावाकडचे हुलगे आणले असतील तर मूठभर पीठ तिच्याकडे दे. माडगं तीच करेल, मला तिच्यासारखं जमत नाही.

तुझी,
मावशी