हुज्जत कोण घालतं?

सिडकोतल्या एका वाचक ताईंनी विचारलंय: सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून बरीच बोलाचाली झाली. सचिवांनी इतिवृत्तात लिहिलं, ‘काही सभासदांनी समितीशी हुज्जत घातली.’ ताई म्हणाल्या, ‘वाद झाला’ असं लिहा. सचिवांचं म्हणणं, दोन्ही एकच. खरंच एकच आहे का? आणि ‘हुज्जत’ मुळात मराठी आहे का?

एकच नाही. ताईंची हरकत अगदी रास्त आहे.

शब्द मूळचा अरबी, आपल्याकडे फारसीच्या वाटेने आला. अरबीत ‘हुज्जा’ म्हणजे पुरावा, समोरच्याला निरुत्तर करणारा मुद्दा. थोर धर्मपंडित अल गझाली (इ.स. १०५८ ते ११११) यांना ‘हुज्जतुल इस्लाम’ म्हणत, म्हणजे इस्लामचं प्रमाण. ऑटोमन राज्यात काझी जो दस्त करून देई त्यालाही हेच नाव होतं. शेवटी ‘त’ आला तो फारसीत. दौलत, इज्जत, किंमत, हिकमत हे शब्दही असेच आले, आणि मराठीत सगळे स्त्रीलिंगी झाले: ती किंमत, तशी ती हुज्जत.

पुराव्याची कटकट कशी झाली? असे शब्द वाटेत बदलतातच. ‘तक्रार’ अरबीत पुनरावृत्ती, उर्दूत भांडण, मराठीत गाऱ्हाणं. ‘हरकत’ म्हणजे अरबीत हालचाल. गाण्यातल्या हरकतीत ती अजून ऐकू येते, पण एरवी आपण ‘हरकत घेतो’ ती आक्षेपाची. हुज्जतीचं वळण मात्र मला फार अर्थपूर्ण वाटतं. मुद्द्यावर मुद्दा काढत राहिलं की ऐकणाऱ्याला त्यातला पुरावा दिसेनासा होतो, नुसतं बोलणं उरतं. आपल्या न्यायशास्त्राने हा फरक फार पूर्वी नोंदवून ठेवला आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार आहेत: सत्य शोधायचं तो वाद, जिंकायचं तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याची फक्त खोडायची ती वितंडा. बोलीतली हुज्जत या तिसरीच्या जवळची.

भांडीबाजारात जाऊन बघा. तांब्याचा हंडा घेताना भावावरून जे चालतं ती घासाघीस. त्यात दोघांनाही सौदा हवा असतो, म्हणून कुणी रागावत नाही. दुकानदार हंडा काट्यावर ठेवतो, वजन दाखवतो, भाव सांगतो. गिऱ्हाईक म्हणतं, ‘काटा बरोबर नाही.’ तो वजनाचं माप ठेवून काटा तपासून दाखवतो. तरी गिऱ्हाईक म्हणतं, ‘असेल, पण हंडा हलकाच वाटतो.’ इथून पुढे हुज्जत. पुरावा समोर आहे, पण मानायचा नाही. लासलगाव, पिंपळगावच्या बाजारात कांद्याच्या लिलावानंतर मालाच्या प्रतवारीवरून व्यापाऱ्याने खोट काढली तर त्याला ‘वांधा’ म्हणतात. पटो न पटो, वांध्याला विषय असतो, तो मिटवता येतो. हुज्जतीला मिटायचंच नसतं.

पण यापेक्षा मोठा फरक वेगळाच आहे. हा शब्द माणूस स्वतःबद्दल वापरत नाही. ‘मी रिक्षावाल्याशी हुज्जत घातली’ असं सहसा कुणी सांगत नाही. आपण ‘जाब विचारला’, ‘दोन शब्द सुनावले’ असंच सांगतो. स्वतःबद्दल हुज्जत आली की बहुतेक नकारासकट येते: ‘मी हुज्जत घालत बसले नाही, पैसे दिले आणि निघाले.’ ‘वाद’ दोघांचा असतो, तो ‘झाला’ म्हणता येतो. ‘हुज्जत झाली’ असंही कानावर येतं, पण तिचं खरं क्रियापद ‘घालणे’, आणि घालणारा कायम समोरचा. म्हणजे हुज्जत म्हटलं की निकाल आधीच लागलेला असतो: याच्या बोलण्यात तथ्य नव्हतं.

म्हणून ‘वाहतूक पोलिसाशी हुज्जत’ हा मथळा मला खटकतो. पावती कशाची, एवढंच कुणी विचारलं असेल तर ती हुज्जत नव्हे. भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ लोकसेवकावर हल्ला किंवा बळाचा वापर केला तर लागतं, नुसतं विचारल्याने नाही. बातमीदाराला काय बोलणं झालं ते ठाऊक नसेल तर त्याने ‘वाद’ लिहावं. त्यात कुणाचीच बाजू घेतली जात नाही.

इतिवृत्ताचंही तेच. सभासदाला सभेत प्रश्न विचारायचा हक्क आहे, आणि इतिवृत्त पुढे वर्षानुवर्षं दप्तरात राहतं. ताई, ‘वाद झाला’पेक्षाही नेमकं लिहून मागा: ‘पार्किंगच्या वाटपाला अमुक सभासदांनी हरकत घेतली, कारण असे, समितीचे उत्तर असे.’ पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त कायम करायचा विषय येईल, तेव्हा ही दुरुस्ती लेखी द्या.