हात न चालणाऱ्या माणसाला भरवणारा रोबो 15 हजारांत बनेल का? तोंड ओळखायला कॅमेरा कुठला घ्यावा?

बनतो. 15 हजार पण लागत नाहीत, माझा साडेसहा हजारांच्या आत झाला. कॅमेऱ्याचं विचाराल तर घेऊच नका, पहिल्या मशीनला तर नाहीच नाही. तुम्ही लिहिलंय की फायनल इयरचा प्रोजेक्ट आहे आणि माणसाने तोंड उघडलं की चमचा आपोआप गेला पाहिजे. हे "आपोआप" वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय.

आमचे आप्पा लोअर परळच्या मिलमध्ये फिटर होते. 2017 च्या पावसाळ्यात चाळीच्या जिन्यावरनं पडले, मानेच्या मणक्याला मार लागला. मान वळते, खांदे थोडे उचलतात, हात गेले ते गेलेच. मग भरवणं आलं. मला सकाळी लोकल पकडायची, वहिनीला पोरांचे डबे, दादाची शिफ्ट, जो मोकळा असेल त्याने भरवायचं आणि सगळेच घाईत, पहिला घास गिळून व्हायच्या आत दुसरा तोंडापाशी धरलेला. आप्पा कधी काही बोलले नाहीत. चार-पाच घास झाले की ओठ घट्ट मिटून घ्यायचे आणि आम्ही म्हणायचो, पोट भरलं वाटतं. पोट भरलेलं नसायचं. गालफडं बसायला लागली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

मी डिप्लोमावाली, अंधेरीला कंट्रोल पॅनलचं वायरिंग करते. असली मशीन बाहेर आहेत हे माहीत होतं, इंग्लंडात 1987 सालीच कील युनिव्हर्सिटीत हँडी 1 बनलं होतं, जपानमध्ये सेकॉमचं माय स्पून 2002 पासून, अमेरिकेत ओबी आहे. पण ओबीची किंमत काही हजार डॉलर, आपण फक्त व्हिडिओ बघायचे. शेवटी एका शनिवारी लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेले, मेटल गिअरचे एमजी 996 आर सर्वो (सांगितलेल्या कोनात फिरून थांबणाऱ्या छोट्या मोटरी) चार, त्यांना हुकूम देणारा अर्डुइनो उनो बोर्ड, 6 व्होल्टचा वेगळा सप्लाय एवढं घेऊन आले. मशीनचा हात अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीचा, घरातच कापला.

एक चूक तुम्ही पण करणार म्हणून सांगते. मी आधी सर्वो अर्डुइनोच्याच 5 व्होल्टवर चालवले होते. लोड आला की सर्वो दोन-अडीच अँपिअर खेचतो, व्होल्टेज बसतं, बोर्ड रिसेट होतो आणि हात झटक्यात सुरुवातीच्या जागेवर जातो. गरम वरण आप्पांच्या बनियनवर सांडलं. सर्वोचा सप्लाय वेगळा ठेवा, ग्राउंड, म्हणजे मायनसची वायर, तेवढी दोघांची कॉमन.

दुसरं टॉर्क, म्हणजे सर्वोची फिरवायची ताकद. 25 सेंटीमीटर हात, टोकाला चमचा, घास आणि मनगटाचा सर्वो धरून 200 ग्रॅम, म्हणजे 5 किलो-सेंटीमीटर झाले, पट्टीचं वजन वेगळंच. सर्वोवर 10-11 लिहिलेलं असतं ते जाम होईपर्यंतचं, रोज वापरायला त्याचा तिसरा हिस्सा धरायचा. माझा हात थरथरायचा आणि मी मोठा सर्वो शोधत बसले होते. आप्पा पलंगावरनं दोन दिवस बघत होते, तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बाय, पुढनं जड आहे, मागनं वजन दे." पट्टी सांध्याच्या मागे वाढवली, तिला जुने नट-वायसर तारेत ओवून बांधले, थरथर गेली. लाइट गेली तरी हात धपकन खाली येत नाही. पडल्यापासून आप्पांनी कामाचं असं पहिल्यांदाच काही सांगितलं होतं.

आता कॅमेरा. माणूस तोंड बोलायला उघडतो, जांभई द्यायला उघडतो, खोकायला उघडतो. खोकताना चमचा आत गेला तर काय करणार? मी उशीला स्पंज लावलेला एक मोठा स्विच बांधला, आप्पा मान डावीकडे वळवून गालाने दाबतात. दाबला की चमचा वाटीत जातो, येतो आणि तोंडापासून 4 सेंटीमीटरवर थांबतो, पुढे होऊन घास ते घेतात. शेवटच्या टप्प्यात वेग अगदी कमी ठेवा. चमचा सिलिकॉनचा आणि लोहचुंबकावर अडकवलेला, दातात पकडला तर सुटून येतो. वाटी उभ्या कडेची लागते, कडेला घासून घास भरतो, पसरट ताटलीत चमचा नुसता ढकलत राहतो. मऊ वरणभात उत्तम, पोहे घरंगळतात, पोळी दुधात कुस्करूनच.

दादाचं म्हणणं तेव्हा होतं आणि अजून आहे की "आम्ही काय मेलोय का, बापाला मशीनच्या हवाली करतेस?" 2022 मध्ये गोव्यातल्या एका रोजंदारीवरच्या माणसाने दिव्यांग मुलीला भरवायला माँ रोबो बनवल्याची बातमी आली ती पण त्याला पाठवली, म्हणाला त्यांची मजबुरी होती. दादा, मजबुरी आपलीच होती, आपण आप्पांना आपल्या घड्याळावर जेवायला लावत होतो. पहिल्या दिवशी स्विच लावून आप्पा पाऊण तास जेवले, मध्ये थांबून खिडकीबाहेर बघितलं, परत दाबला. माया कमी झाली असं कोणी म्हणू नये, आता त्यांच्याशेजारी ताट घेऊन बसता येतं.

ज्यांना मान पण हलवता येत नाही त्यांना कॅमेरा लागेल, ते कबूल आहे. आणि गिळायला त्रास असेल तर मशीन लावूच नका, घास श्वासनळीत गेला तर जिवावर बेततं, आधी हाजी अलीच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशनला दाखवून घ्या. आमच्याकडे पण पहिले काही महिने कोणीतरी हाताशी असायचंच. पातळ आमटी, चहा मी मशीनवर कधी दिला नाही.

काट्याचा मासा पण मशीनला जमत नाही. रविवारी बांगडा मी हातानेच भरवते, काटे काढून घास करून ठेवते आणि आप्पांनी मान डावीकडे वळवली की पुढे करते.