मुदत नोट रवाना झाली त्या दिवसापासून मोजतात

प्रश्न : मार्च 2022 मध्ये न्यू जर्सीतल्याच विक्रेत्याकडून 1929 च्या मालिकेतली दहा डॉलरची नॅशनल बँक नोट (स्थानिक बँकेच्या नावाने निघालेली जुनी अमेरिकी नोट) 3,200 डॉलरला घेतली. बिलावर ‘टाइप 2, कोरी’ (या मालिकेच्या छपाईचे टाइप 1 आणि टाइप 2 असे दोन प्रकार आहेत). गेल्या ऑक्टोबरमध्ये ग्रेडिंगला, म्हणजे दर्जा तपासून घ्यायला, दिली, तर शेरा आला : टाइप 1, धुऊन दाबलेली, फाटलेली कड जोडलेली. दोष आत्ता कळला, म्हणजे मुदत आत्तापासूनच ना?
– एक वाचक, एडिसन (न्यू जर्सी)

उत्तर : नाही. हा गैरसमज अनेकांच्या पत्रांत दिसतो आणि तोच दावे बुडवतो. मालविक्रीच्या हमीभंगाला (वर्णनाप्रमाणे माल न देण्याला) न्यू जर्सीच्या व्यापारी संहितेत (कलम 2-725) चार वर्षं मिळतात, ती माल सुपूर्द झाल्यापासून. दोष कधी कळला याला महत्त्व नाही. नोट टपालाने आली असेल, तर विक्रेत्याने ती कुरिअरकडे दिली तो दिवस धरा. पावतीवर 14 मार्च 2022 आहे, तेव्हा शुक्रवार, 13 मार्च 2026 पर्यंत दावा कोर्टात दाखल झालाच पाहिजे. वकिलाच्या नोटिशीने मुदत थांबत नाही. बिलाची मागची बाजू आजच वाचा : करारात ही मुदत एक वर्षापर्यंत कमी करता येते. तसं कलम असेल, तर हा दावा संपल्यात जमा आहे.

दुसरी अडचण तुम्हीच ओढवून घेतली आहे. दोष कळल्यावर, किंवा कळायला हवा होता तेव्हापासून, वाजवी वेळेत विक्रेत्याला कळवावं लागतं. टाइप 1 वर चार्टर नंबर (त्या बँकेचा परवाना क्रमांक) दोनदाच असतो, काळ्या शाईत. टाइप 2 वर तो अनुक्रमांकाशेजारी तपकिरी शाईतही दोनदा छापलेला असतो. हे पाकीट उघडताच दिसलं असतं. त्यामुळे भर दुरुस्तीवर द्या. ती नुसत्या डोळ्यांना सहसा कळत नाही. पण ऑक्टोबरपासून तुम्ही एक ओळही लिहिलेली नाही! बिल क्रमांक, चार्टर नंबर, अनुक्रमांक आणि शेरा देऊन आजच ईमेल करा. एवढा उशीर कोर्ट चालवून घेईल, याची खात्री देता येत नाही.

भरपाई म्हणजे बिलात वर्णन केलेली नोट आणि हाती आलेली नोट यांच्या तेव्हाच्या किमतींतला फरक. त्याच बँकेच्या, त्याच टाइपच्या, त्याच दर्जाच्या नोटांचे लिलावात प्रत्यक्ष मिळालेले भाव गोळा करा. कॅटलॉगचे आकडे आणि विक्रेत्यांनी मागितलेल्या किमती कमकुवत पुरावा ठरतात. नोट ग्रेडिंगच्या पाकिटातून काढू नका.

रक्कम 5,000 डॉलरच्या आत असल्याने स्मॉल क्लेम्समध्ये (छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात) वकिलाशिवायही दावा लावता येतो. फसवणुकीच्या दाव्याला जास्त मुदत असते, पण त्या भरवशावर ही तारीख चुकवू नका.