‘उठा’ म्हटले की ते अधिकच घट्ट बसतात

प्रश्न : माझे पती 64 वर्षांचे असून चार वर्षांपूर्वी बँकेतून निवृत्त झाले. सकाळी कमाटीबागेत अर्धा तास फिरून आले की दिवसभर ते झोपाळ्यावरच असतात. वर्तमानपत्र, मोबाइलवरचा शेअर बाजार, दुपारचा चहा, सगळे तिथेच. साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहे, असे डॉक्टर म्हणाले. मी “अहो, जरा उठा” म्हटले की “सकाळी फिरून आलो ना?” एवढेच उत्तर मिळते. कधी कधी झोपाळाच काढून टाकावासा वाटतो. ‘मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग’ नावाची एक पद्धत असते असे ऐकले. ती घरी वापरता येईल का?
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : या पद्धतीच्या नावामुळे गैरसमज होतो. ती मुलाखतही नव्हे आणि जोशपूर्ण भाषण तर मुळीच नव्हे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी 1983 साली दारूच्या व्यसनात अडकलेल्यांशी बोलण्याची एक रीत म्हणून ती प्रथम मांडली आणि 1991 साली स्टीफन रोल्निक यांच्यासह तिचे सविस्तर विवेचन केले. बदलावे की बदलू नये, याविषयी माणसाच्या मनात बहुधा दोन्ही बाजू एकाच वेळी नांदत असतात, हे तिचे मूळ गृहीतक आहे. आपण उठण्याच्या बाजूचे वकीलपत्र घेतले की बसण्याची बाजू मांडण्याचे काम आपोआप त्यांच्याकडे जाते, आणि जे आपण स्वतःच्या तोंडाने पुन्हा पुन्हा म्हणतो ते आपल्याला अधिकाधिक पटत जाते. म्हणून उठण्याची कारणे त्यांच्याच तोंडून यावीत, एवढ्यासाठी ही सारी खटपट असते.

प्रत्यक्षात हे कसे होते, ते पाहा. समजा ते म्हणाले, “आयुष्यभर धावपळ केली, आता तरी निवांत बसू दे.” यावर “पण डॉक्टरांनी सांगितले आहे” हे वाक्य ओठांवर येईलच, ते तेवढे आवरावे. त्याऐवजी, “इतकी वर्षे घड्याळाकडे पाहून जगलात, आता हा वेळ तुम्हाला स्वतःचा हवा आहे,” असे त्यांचेच म्हणणे समजून घेऊन परत त्यांच्यापुढे ठेवावे आणि थांबावे. अशा वेळी माणूस पुष्कळदा स्वतःच पुढे बोलतो : “हो, पण हल्ली संध्याकाळी उठताना कंबर धरते.” हा ‘पण’ फार मोलाचा आहे. तो कानावर पडताच “मी तेच सांगत होते” असे म्हणाल तर दार पुन्हा बंद होईल, “कंबर धरते म्हणजे नेमके काय होते?” असे विचारले तर ते उघडे राहील.

दुसरा एक प्रश्न मला विशेष उपयोगी वाटतो. “मधूनमधून उठणे तुम्हाला शून्य ते दहापैकी किती महत्त्वाचे वाटते?” ते तीन म्हणाले, तर “इतके कमी का?” असे विचारू नये, कारण त्याच्या उत्तरात ते न उठण्याचीच कारणे देतील. “एक का नाही, तीन का?” असे विचारावे.

माहितीही द्यावी, पण आधी “सांगू का?” असे विचारून, आणि सांगून झाल्यावर “तुम्हाला काय वाटते?” असे विचारून. सकाळच्या फेरीचे महत्त्व मोठेच आहे, ते मान्य करावे. मात्र उरलेला दिवस अखंड बसून काढणे ही निराळी गोष्ट आहे. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात 19 स्थूल व्यक्तींनी दर वीस मिनिटांनी केवळ दोन मिनिटे चालून बसणे मोडले, तेव्हा गोड पेय घेतल्यानंतरची त्यांची साखर सलग बसण्याच्या तुलनेत कमी चढली. दिवसाकाठी किती तास बसावे याची निश्चित मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांतही घातलेली नाही. बसणे कमी करा आणि त्या जागी कोणतीही हालचाल आणा, मग ती हलकी का असेना, एवढेच त्या सांगतात. त्यामुळे अमुक तासांचा हिशेब घेऊन त्यांच्यामागे लागू नये.

ही पद्धत म्हणजे जादू नव्हे. हालचाल वाढवण्यासाठी तिचा वापर झालेल्या अभ्यासांत परिणाम दिसतो, पण तो माफक असतो. शिवाय समुपदेशक तासाभराने निघून जातो, आपल्याला त्याच घरात राहायचे असते, आणि साखरेच्या अहवालाने आपण स्वतः घाबरलेल्या आहात. ती भीती एकदा त्यांना मोकळेपणाने सांगावी. सूचनेच्या आडून ती रोज सांगू नये. कंबरदुखी वाढत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे.

झोपाळा मात्र काढू नये. पायाने झोका देत बसणे हे बसणेच आहे, हे खरे. परंतु तो काढल्यास ते खुर्चीवर बसतील आणि ठरवण्याचा अधिकार आपण त्यांच्याकडून काढून घेतलात, एवढेच त्यांच्या लक्षात राहील. त्याऐवजी एखाद्या दुपारी चहाचे दोन कप घेऊन त्यांच्याशेजारी झोपाळ्यावर बसावे आणि निवृत्तीनंतरचे दिवस त्यांना कसे हवे होते, हे विचारावे.