कोल्हापूरजवळ वीस कुटुंबांची वसाहत: घराचा नकाशा सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न असा आहे: वीस कुटुंबं मिळून कोल्हापूरजवळ एकरभर जागा घ्यायची आहे, घरं परवडावीत, टिकावीत आणि माणसं एकमेकांना धरून राहावीत, तर सुरुवात कुठून करावी?

सुरुवात पाण्यापासून करा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. 2019 आणि 2021 ला पाणी 55 फुटांच्या पुढं गेलं होतं. म्हणून गट नंबर घेऊन आधी पूररेषेचा नकाशा बघा. निळ्या रेषेच्या (वरचेवर येणाऱ्या पुराच्या हद्दीच्या) आत घर नकोच. निळ्या आणि लाल रेषेमधली (लाल म्हणजे क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची हद्द) जमीन कितीही स्वस्त सांगितली तरी सोडून द्या. नदी लांब आहे एवढ्यावर भागत नाही. नदी चढली की नाल्याचं पाणी पुढं सरकत नाही, उलटं मागं फुगतं. कोल्हापूर शहरात जयंती नाल्याकाठच्या गल्ल्यांत असंच पाणी शिरतं. शेजारच्या जुन्या घराची भिंत निरखून बघा. गिलाव्याचे पोपडे जमिनीपासून एकाच उंचीवर, सरळ रेषेत सुटले असतील तर पाणी कुठवर आलं होतं ते कळतं. बाहेर पडायचा रस्ताही तपासा, कारण मोठ्या पुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गच बंद पडतो.

आता जमिनीचा हिशेब. एकर म्हणजे 40 गुंठे, म्हणजेच 0.4 हेक्टरच्या किंचित वर. 0.4 हेक्टर आणि त्यावरच्या ले-आउटला 10 टक्के खुली जागा सोडावी लागते, म्हणजे 4 गुंठे गेले. आतल्या रस्त्यांना 9 गुंठे धरा. उरलेल्या 27 गुंठ्यांत दोन-दोन गुंठ्यांचे बंगले केले तर 13 च कुटुंबं बसतात. सामायिक भिंतीची रो-हाऊस घेतली तर 20 गुंठ्यांत वीस घरं बसतात आणि बोअर, पाण्याची प्रक्रिया, खतखड्डे, सामायिक खोली यांना 7 गुंठे राहतात. घर स्वस्त होतं ते इथं. टाइल्स हलक्या घेऊन फार काही वाचत नाही. मात्र स्टॅम्प पेपरवरची गुंठेवारी घेऊ नका. मंजूर ले-आउट नसेल तर बँक कर्जासाठी दारात उभं करत नाही.

काळी माती असेल तर पाया घट्ट मुरूम लागेपर्यंत न्या. जोत्यात खणलेली काळी मातीच परत भरली की दोन पावसाळ्यांत फरशी उचलते आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग जाते. बाहेरून मुरूम आणा, सहा-सहा इंचांचे थर द्या, पाणी मारून धुमस करा.

वीस घरांत 90 माणसं धरली आणि माणशी 135 लिटर धरलं तर रोज साधारण 12,000 लिटर पाणी लागतं. 500 चौरस फुटांच्या वीस छतांवर वर्षाला 1000 मिमी पाऊस धरला आणि पाचवा भाग वाया गेला तर सुमारे 7.4 लाख लिटर हाती येतं, म्हणजे दोन महिन्यांची गरज. एवढं साठवायला टाकी बांधणं परवडत नाही. गाळून बोअरमध्ये सोडा. पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी बाहेर काढा आणि मे महिन्यातच जाळी, खडी धुऊन घ्या, नाहीतर पाला बसून फिल्टर तुंबतो.

न्हाणीचं आणि कपड्यांचं पाणी संडासाच्या पाइपला जोडू नका. ते आधी एक दिवसाच्या टाकीत निवळू द्या, मग दोन फूट खडी आणि वर कर्दळ असलेल्या गुंठाभर वाफ्यातून काढा. बागेला आणि फ्लशला चालतं. स्वयंपाकघराचं पाणी मात्र तेल अडवणाऱ्या चेंबरमधूनच घ्या. रविवारच्या रश्श्याचा तवंग खडीवर बसला की वाफा आतून चिकट होतो, पाणी वर साचतं आणि वास सुटतो. चेंबर दर आठवड्याला कुणी उपसायचा, ते नावानिशी ठरवा. बहुतेक वाफे खडीमुळे बिघडत नाहीत, या कामाला माणूस नसतो म्हणून बिघडतात.

ओल्या कचऱ्याला जाळीच्या विटकामाचे दोन खड्डे पुरतात, एक भरेपर्यंत दुसरा मुरतो. प्रत्येक थरावर बारीक केलेलं उसाचं पाचट टाका. आपल्याकडं ते मुबलक आहे आणि ते कमी पडलं की अळ्या होतात. पंप आणि रस्त्याच्या दिव्यांना सोलर बसवा. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागं 18,000 रुपये अनुदान आहे.

एकोप्याचं म्हणाल तर तो आराखड्यातच आखावा लागतो. गाड्या फाटकाशीच थांबवा, म्हणजे घरापर्यंत माणसं चालत जातील. प्रत्येक घराला रस्त्याकडं तोंड केलेला छोटा सोपा (ओसरी) ठेवा आणि नळ, खतखड्डे, कट्टा यांच्या वाटा एकमेकींत मिसळू द्या. घरं 350, 500 आणि 750 चौरस फुटांची मिसळून ठेवा. मोठी एका बाजूला गेली की वर्षभरात दोन गट पडतात.

भांडणं जास्त होतात ती वर्गणीवरून. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.75 टक्के दुरुस्ती निधी आणि 0.25 टक्के सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी) धरतात. 20 लाख बांधकाम खर्चाच्या घराला ते वर्षाचे 20,000, म्हणजे महिन्याला साधारण 1,670 रुपये होतात. हा आकडा इसार देण्याआधी वीसही कुटुंबांना एकत्र बसवून सांगा. ज्यांना तो झेपत नाही त्यांच्यासाठी लहान घर तेव्हाच ठरवता येतं, नंतर नाही. आणि जमलं तर इसार जुलैअखेरपर्यंत थांबवा. धो-धो पावसात सगळ्यांनी त्या जागेवर उभं राहून पाणी कुठून येतं आणि कुठं जातं ते बघा, मग सह्या करा.