टिंटेड लेन्सचं वर्षाचं पॅक घेऊ का? आधी एक डबी पेलेट खर्च करा

आधी ताईंचा प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. वय 41, नोकरी करतात, तीन वर्षांपासून 10 मीटर एअर पिस्तूल, सीझनमध्ये अधूनमधून उघड्यावर 25 मीटर. उजव्या डोळ्याने नेम धरतात, त्याचा नंबर मायनस 2.25 आणि सिलिंडर, म्हणजे तिरप्या नजरेचा (अ‍ॅस्टिग्मॅटिझमचा) नंबर, 0.75. स्कोअर 548 च्या आसपास येऊन अडकलाय, 560 पाहिजे. चष्म्यावर घामाची वाफ धरते म्हणून लेन्सच्या दुकानात गेल्या, तिथे त्यांना शूटिंगसाठी रंगीत टिंटवाल्या मंथली कॉन्टॅक्ट लेन्स सुचवल्या, अंबर आणि ग्रे, दोन्ही डोळ्यांना, वर्षभराचं पॅक, 25 टक्के सूट, सहा हप्ते, ऑफर सोमवारपर्यंत. पैसे इमर्जन्सी फंडातून काढू की हप्ते घेऊ, असं विचारलंय.

ताई, दोन्ही नको. आणि लेन्स वाईट आहे म्हणून नको म्हणत नाहीये हां, पॅक वाईट आहे म्हणून नको म्हणतोय, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुकानात त्या मुद्दाम एकत्र बांधून देतात.

हिशोब बघा. 12 महिने, दोन डोळे, दोन रंग, म्हणजे 48 लेन्स. आता पिस्तूल तुम्ही एका डोळ्याने मारता, डाव्यावर ब्लाइंडर, म्हणजे तो डोळा झाकणारी पट्टी, असतो, मग डाव्या डोळ्याला अंबर कशाला? त्या ब्लाइंडरची आतली बाजू अंबर दिसावी म्हणून? डाव्याला नंबरची साधी लेन्स पुरते, तिचा खर्च वेगळा आणि बराच कमी. आणि दोन रंगांपैकी एकच अंगी लागणार, दुसरा पडून राहणार, हे मी पैज लावून सांगतो. म्हणजे कामाच्या लेन्स 12. पॅकचे तुम्ही 25 टक्के सूट धरून 36 लेन्सचे पैसे देताय आणि वापरणार 12. एका वापरलेल्या लेन्सला तिप्पट भाव पडला, आणि पावतीवर मात्र तुमची बचत म्हणून छापून येणार.

त्यात मंथली लेन्सचे 30 दिवस पाकीट फोडल्यापासून मोजतात, घातल्यापासून नाही. तुम्ही आठवड्याला तीन दिवस रेंजवर जाता, म्हणजे महिन्यात 12-13 वेळा घालणार आणि महिना संपला की टाकणार. आज अंबर उद्या ग्रे असं करायला गेलात तर दोन्हींची घड्याळं एकदम सुरू. मग मनात येतं की अजून चांगलीच दिसतेय, चालवूया आठवडाभर, आणि डोळ्याच्या इन्फेक्शनची गोष्ट बऱ्याचदा तिथूनच सुरू होते, ते बिल मग माझ्या कुठल्याच हिशोबात बसत नाही.

माझं स्वतःचं सांगतो. काही वर्षांपूर्वी मी साध्या लेन्सचं असंच वर्षाचं पॅक घेतलं होतं सेलमध्ये, आणि घेतलं ते पण मी, लोकांना खर्च कमी करायला सांगणारा माणूस. चौथ्या महिन्यात डोळे कोरडे पडायला लागले, डॉक्टर म्हणाले लेन्स बंद. दुकान म्हणालं बॉक्स परत घेत नाही, सील असलं तरी नाही. उरलेले बॉक्स फायलींच्या मागे ड्रॉवरमध्ये गेले आणि थेट एक्स्पायरी उलटल्यावर सापडले. त्यातल्या एका रिकाम्या बॉक्समध्ये आज स्टेपलरच्या पिना आहेत, रोज हाताला लागतो, रोज आठवतं. लेन्सचा साठा हा भाजीसारखा नाशवंत माल आहे आणि तुमच्या वयात तर नंबरही हलायला लागतो, सातव्या महिन्यात नंबर बदलला तर उरलेलं सगळं फुकट.

नंबरवरून आठवलं. मेलमध्ये तुम्ही सहज लिहून गेलात की चष्मा दोन वर्षांपूर्वीचा आहे. ताई, मला सगळ्यात जास्त हेच वाक्य खटकलं. चाळिशीनंतर जवळचं फोकस करायची ताकद कमी होत जाते, आणि पिस्तूलमध्ये शार्प काय दिसायला हवं तर फ्रंट साइट, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, जी हाताच्या लांबीच्या जरा पुढे असते, टार्गेट थोडं धूसर दिसलं तरी चालतं. म्हणून बरेच शूटर लांबच्या नंबरात प्लस 0.50 च्या आसपास मिळवून शूटिंगची वेगळी काच करून घेतात, म्हणजे तुमच्यासारख्या मायनस 2.25 वाल्याला मायनस 1.75 च्या आसपास. नेमकं किती ते डोळ्यांचे डॉक्टर ठरवतील, त्यांना सांगा की हात सरळ धरून तेवढ्या अंतरावरची वस्तू बघायचीय, आणि पिस्तूल नेता येत नसेल तर अंतर टेपने मोजून न्या.

आता दुकानाने सिलिंडरचं काय केलं? तुम्ही पाठवलेल्या कोटेशनवर उजव्या डोळ्याला नुसतं मायनस 2.50 लिहिलंय, सिलिंडरची जागा रिकामी. टिंटमध्ये सिलिंडरच्या लेन्स सहज मिळत नाहीत, म्हणून अर्धा सिलिंडर नंबरात ढकलून राउंड मारलाय. म्हणजे काय झालं, फ्रंट साइटसाठी तुमचा मायनस कमी व्हायला हवा होता तो उलट वाढला, आणि चष्म्यात जे सिलिंडर करेक्शन आज मिळतंय ते पण गेलं. रंगासाठी शार्पनेस सोडायचा आणि वर पैसे द्यायचे! सिलिंडर राहिला की साइटच्या काळ्या कडांना सावलीसारखी दुसरी कड दिसते, आणि आपल्याला वाटतं हात हलतोय.

टिंट नक्की काय करतो तेही सांगतो, कारण खर्च योग्य का अयोग्य ते त्याच्यावरच ठरतं. अंबर किंवा पिवळा रंग निळा प्रकाश अडवतो, निळा प्रकाश जास्त विखुरतो, तो कमी झाला की कडा उठून दिसल्यासारख्या वाटतात आणि एकदम उजेड वाढल्यासारखं पण वाटतं. वाटतं हा शब्द महत्त्वाचा, कारण प्रत्यक्षात डोळ्यात उजेड कमीच जातो. उजेड कमी झाला की बाहुली मोठी होते आणि बाहुली मोठी झाली की एका वेळी जेवढं अंतर फोकसमध्ये राहतं तो पट्टा आखूड होतो. तुम्हाला रिअर साइट (मागची खाच), फ्रंट साइट आणि लांबचं काळं वर्तुळ तिन्ही सांभाळायचंय, म्हणजे तुम्हाला बाहुली लहान हवी, त्याच्यासाठीच तर लोक फ्रेमला आयरिस, म्हणजे लहानमोठं करता येणारं छिद्र, लावतात. इनडोअर रेंजवर गडद टिंट म्हणजे एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्याने काढून घ्यायचं. उघड्यावर 25 मीटरला उन्हात पांढरं टार्गेट डोळ्यात घुसतं तेव्हा ग्रेचा उपयोग आहे, तो मी नाकारत नाही. पण तेच काम चष्म्यापुढे चिमट्याने लागणारी फिल्टरची चकती करते, एकदाच घ्यायची, एक्स्पायरी नाही, उजेड बदलला की दोन सेकंदांत काढता येते, आणि लेन्स मॅचच्या मध्ये काढायची म्हणजे पेलेटचं शिसं लागलेल्या बोटांनी डोळ्यात हात घालायचा, आधी साबणाने हात धुऊन या, तोवर घड्याळ चालूच.

आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, नियमात पिस्तुलावर काच किंवा फिल्टर लावता येत नाही, पण शूटरने स्वतः नंबरची काच आणि फिल्टर घालायला परवानगी आहे, त्यामुळे ती भीती नको.

अजून एक घोळ, रंगीत लेन्स म्हटलं की काही ठिकाणी डोळ्याचा रंग बदलणाऱ्या फॅशनच्या लेन्स हातात देतात. त्यात रंग बुबुळावर असतो आणि मध्ये बाहुलीपुढे काच साफ असते, म्हणजे नजरेला टिंट शून्य, उलट बाहुली मोठी झाली की रंगाची कड मध्ये येते. खेळाची टिंटेड लेन्स म्हणजे बाहुलीपुढे रंग हवा. बॉक्स उघडायच्या आधी हे विचारा.

आणि समजा तुम्हाला टिंटेड लेन्स खूप आवडली, तर पुढे ती मिळेलच असं नाही. 2005 मध्ये नाइके आणि बॉश अँड लॉम्ब यांनी मिळून खेळाडूंसाठी अंबर आणि ग्रे-ग्रीन अशा दोन टिंटच्या लेन्स आणल्या होत्या, गाजावाजा भरपूर झाला, पुढे त्या बाजारातून गेल्या. ज्यांचे डोळे त्या रंगाला सरावले होते त्यांना परत पहिल्यापासून सुरुवात. छोट्या मार्केटच्या वस्तूवर सवय बांधायची असेल तर हा धोका किमतीत धरायचा असतो.

तुमच्या कोटेशनचा आकडा मी इथे टाकत नाही, पण तुम्ही जी 500 पेलेटची (छर्‍यांची) डबी वापरता तिच्या किमतीने त्याला भागलं तर 22 डब्या येतात. 22 डब्या म्हणजे 11,000 शॉट. साइटर (मॅचआधीचे, गुण न धरले जाणारे शॉट) धरून दिवसाला 100 शॉट मारलेत तर 110 दिवसांची प्रॅक्टिस, आठवड्याला तीन दिवसांनी आठ-साडेआठ महिने. खेळावरचा कुठलाही खर्च मी असाच डब्यांत मोजायला सांगतो, रुपयात माणूस स्वतःला फसवतो, डब्यांत फसवता येत नाही. वाफेचा त्रास खरा आहे, पण त्याच्यावर आधी घाम पुसायला कपाळाला पट्टी आणि चेहऱ्यापासून जरा लांब बसणारी शूटिंगची फ्रेम बघा, एक गोल काच असल्यामुळे हवा खेळती राहते. ती फ्रेम तुम्हाला कॉन्टॅक्ट लेन्स घेतली तरी लागणारच आहे, ब्लाइंडर आणि आयरिस कशाला अडकवणार? आणि फ्रेम विकली तर अर्धे पैसे तरी हातात येतात, वापरलेली लेन्स कोण घेणार.

म्हणून मी सांगतो ते आधी करा. नवीन नंबर काढा, काच बदला, त्यालाच महिनाभर द्या. मग रेंजवर कुणाकडून तरी अंबरची चकती चार दिवस उसनी घ्या. रोज 10 शॉटच्या 10 सिरीज, एक फिल्टर लावून एक काढून, आलटून पालटून, वेळ तीच, उजेड तोच. चार दिवसांत 20 सिरीज फिल्टरच्या आणि 20 बिनफिल्टरच्या, एकूण 400 शॉट, एका डबीतच काम होतं. मॅचमध्ये अशा सहा सिरीज असतात, म्हणून 548 म्हणजे सिरीजला 91 च्या जरा वर, 560 म्हणजे 93 च्या जरा वर, तुम्हाला सिरीजमागे दोन गुण हवेत. सिरीज आपोआपच दोन-तीन गुण वरखाली होते, त्यामुळे एका दिवशी 94 लागली म्हणून नाचायचं नाही, 20 ची सरासरी बघायची, फरक दीड गुणाच्या आत असेल तर तो फरक नाहीच असं समजा.

फरक दिसला तर लेन्सची ट्रायल मागा, सिलिंडरसकट, एकच रंग, एकच डोळा, एकच महिना. एकाच डोळ्याला टिंट असला की घरी गाडी चालवताना मात्र ती काढा, एका डोळ्यात उजेड कमी गेला की हलत्या वस्तूंचं अंतर चुकतं, ह्याला पुलफ्रिख इफेक्ट म्हणतात, 1922 मध्ये ज्याने तो समजावून सांगितला त्या पुलफ्रिखला स्वतःला एका डोळ्याने दिसत नव्हतं, त्याला तो कधी अनुभवताच आला नाही.

पैशाचं बाकी छोटं आहे. इमर्जन्सी फंड अडीच महिन्यांचा आहे म्हणता आणि घरातली दुसरी नोकरी कॉन्ट्रॅक्टवर, त्या फंडाला हात लावायचा नाही, उलट तो आधी सहा महिन्यांवर न्या. हप्तेही नकोत, महिन्यात कचऱ्यात जाणाऱ्या वस्तूचा हप्ता पुढचे पाच महिने भरत बसायचं हे मला कुणाच्याच बाबतीत पटत नाही. खेळाला महिन्याला एक रक्कम ठरवा, वेगळ्या खात्यात टाका, पेलेट, रेंज, मॅच फी, काच सगळं त्यातूनच, ट्रायलचा महिना पण त्यातूनच, त्या महिन्यात दोन डब्या कमी घ्याव्या लागल्या तर लागल्या.

सोमवारी ऑफर संपतेय असं तुम्ही दोनदा लिहिलंय. संपू दे. 40 सिरीजचे आकडे झाले की पाठवा, फिल्टर लावलेल्यांपुढे खूण करून, सरासरी मी काढतो.