"तिला यातले काय कळणार?"

गेल्या काही वर्षांत एकच शंका इतक्या पालकांनी माझ्यासमोर मांडली आहे, की तिचे उत्तर एकदा लिहूनच ठेवावे असे वाटू लागले. मुलाच्या दीर्घ आजारासाठी रुग्णालयात नियमित येणाऱ्या कुटुंबाच्या हाती एखाद्या भेटीत परिचारिका एक पत्रक ठेवते. मुलांच्या शुश्रूषेविषयी संशोधन सुरू होत असून त्याच्या सल्लागार गटात मुलाने आणि पालकांनी यावे, अशी विनंती त्यात असते. ते पत्रक घेऊन पालक माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे, येतात आणि विचारतात, "म्हणजे आमच्या मुलावर प्रयोग करणार का?" त्यामागोमाग दुसरे वाक्य हमखास येते, "आणि त्याला यातले काय कळणार?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुलनेने सोपे आहे. ज्याच्यावर एखादे औषध किंवा उपचारपद्धती तपासली जाते ते मूल वेगळे. आणि संशोधन कशावर व्हावे, प्रश्न कोणत्या शब्दांत विचारावेत, माहितीपत्रक मुलांना समजते का, हे ठरवताना संशोधकांच्या शेजारी बसणारे मूल वेगळे. सल्लागार गटाचे बोलावणे या दुसऱ्या कामासाठी असते. तरीही पालकांच्या भीतीला मी कधी हसत नाही. न्यूयॉर्कमधील विलोब्रूक येथील संस्थेत १९५० च्या दशकापासून बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांना हिपॅटायटिसचा संसर्ग मुद्दाम घडवून संशोधन केले गेले होते, आणि तेही पालकांच्या सह्या घेऊन. पालकांची सही असली म्हणजे मुलाचे हित जपले गेलेच असे होत नाही, हे त्या प्रकरणाने दाखवून दिले. आज मुलाचा स्वतःचा होकार वेगळा विचारला जातो आणि तो केव्हाही मागे घेता येतो, त्यामागे असाच कटू इतिहास आहे.

दुसरे वाक्य मात्र मला अधिक महत्त्वाचे वाटते. त्याचा खरा अर्थ मला एका आईने आणि तिच्या अकरा वर्षांच्या मुलीने शिकवला.

मुलीला सहाव्या वर्षापासून टाइप १ मधुमेह होता. दिवसातून अनेकदा बोटाला सुई टोचून साखर पाहायची, इन्सुलिन घ्यायचे आणि आकडे वहीत लिहायचे, हा तिचा नित्यक्रम होता. घरी सुई टोचून घेताना मुलांना काय वाटते, या विषयावरील अभ्यासाच्या गटात तिला बोलावणे आले होते. आई पहिल्या भेटीत एकटीच आली. वेळ कसा काढायचा, शाळा बुडेल का, नाही म्हटले तर उपचारांत फरक पडेल का, अशा अनेक शंका तिने मांडल्या. उपचार आणि गट यांचा एकमेकांशी संबंध नाही, हे मी स्पष्ट केले. गटाने ते लेखी द्यायला हवे, हेही सांगितले. तिचे समाधान झाले नाही. "मॅडम, ती लहान आहे. काहीतरी बोलून बसेल," असे ती उठता उठता म्हणाली.

माणूस उठता उठता जे बोलतो ते मी नेहमी लिहून ठेवते. 'काही बोलणार नाही' आणि 'काहीतरी बोलून बसेल' या दोन अगदी वेगळ्या काळज्या आहेत.

तिसऱ्या भेटीला मुलगी सोबत आली. गटाने पाठवलेली कच्ची प्रश्नावली तिने आधीच वाचली होती. सुई टोचताना किती दुखते हे दाखवण्यासाठी त्यात हसऱ्यापासून रडक्यापर्यंत चेहऱ्यांची रांग होती. मी तिला म्हटले, "यात काय चुकले आहे ते मला सांगशील?" बरोबर काय आहे, असे मी मुद्दामच विचारले नाही, मोठ्यांच्या कागदात चूक काढायला सांगितले की मुले खुलतात, असा माझा अनुभव आहे.

"दुखण्याचे चेहरे आहेत," ती म्हणाली, "पण मला आता फार दुखत नाही."

"मग काय होते?"

तिने आईकडे पाहिले आणि ती गप्प झाली. मी कोऱ्या कागदावर एक रिकामे वर्तुळ काढून तिच्यापुढे सरकवले. ही युक्ती माझी नव्हे. डोना वाँग आणि कॉनी बेकर यांनी १९८० च्या दशकात वेदना मोजण्याची चेहऱ्यांची प्रसिद्ध पट्टी तयार केली, तेव्हा त्यांनी मुलांना रिकामी वर्तुळे देऊन त्यांत चेहरे काढायला सांगितले होते. मुलांच्या हातून उतरलेले ते माप पुढे जगभर वापरले गेले.

मुलीने ओठ घट्ट मिटलेला, डोळे खाली वळलेला चेहरा काढला. "हा माझा नाही. यंत्रावर आकडा दिसतो तेव्हाचा आईचा आहे. ती रागावत नाही, पण असा चेहरा करते. म्हणून मी कधी कधी वहीत कमी आकडा लिहिते."

त्या खोलीत त्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही, आणि मीही बोलले नाही. समुपदेशकाने अशा वेळी गप्प बसण्याचे धैर्य कमवावे लागते. मला ते कमवायला बरीच वर्षे लागली. अखेर आई म्हणाली, "मला वाटायचे, हिला काही कळत नाही." मुलगी म्हणाली, "आई, तुझा चेहरा मला रोज सहा वेळा दिसतो."

'तिला काय कळणार' या वाक्याच्या तळाशी 'तिला सगळे कळते आणि ती ते बाहेर सांगेल' ही धास्ती दडलेली असते, हे मला त्या दिवशी उमगले. मुलाला अज्ञानी ठरवणे पालकांना सोयीचे जाते, कारण त्यामुळे घरातली गोष्ट घरात राहते. यात दोष देण्यासारखे काही नाही. पाच वर्षे जिने आपल्या लेकीला स्वतःच्या हाताने सुया टोचल्या, तिला कोणापुढे उघडे पडायचे नसणे स्वाभाविकच आहे. खोट्या नोंदींची बाब मात्र धोक्याची होती, कारण वहीतील आकडे पाहूनच इन्सुलिनची मात्रा ठरत होती. मुलीशी बोलून, ती तयार झाल्यावर, आम्ही ती उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळवली.

अशा पालकांना मी आता काही गोष्टी आग्रहाने सांगते. मूल काय बोलले हे तुम्हाला कळवले जाणार नाही, हे आधीच स्वीकारा. मात्र त्याच्या सुरक्षिततेला धोका असल्याचे दिसले तर गुप्तता कुठे संपते, हे गटाकडून मुलासमोरच स्पष्ट करून घ्या. पालकांचे मत म्हणजे मुलाचे मत असे गृहीत धरणाऱ्या संशोधनाविषयी मी साशंक असते. दोघांचेही ऐकायला हवे, आणि शक्यतो वेगवेगळे. आपले मत मांडण्याचा आणि त्याला वयानुसार वजन मिळण्याचा मुलाचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या बाराव्या कलमात आहेच, पण कलमाने कोणी ऐकू लागत नाही. बालहक्कांच्या अभ्यासक लॉरा लंडी यांनी २००७ मध्ये जी चौकट मांडली ती मला म्हणूनच पटते: मुलाला बोलायला मोकळी जागा हवी, व्यक्त व्हायला मदत हवी, ज्याच्या हाती निर्णय आहे तो ऐकायला समोर हवा आणि ऐकल्याचा परिणाम दिसायला हवा. चौथ्या गोष्टीपाशी बहुतेक गट अडखळतात. त्यामुळे "मागच्या वेळी मुलांच्या सांगण्यावरून तुम्ही काय बदलले?" असे पालकांनी बेधडक विचारावे. उत्तर नुसत्या छायाचित्रांनी मिळाले, तर समजा की मुलांना सजावटीसाठी बोलावले आहे. मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये अशा सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली, तिच्यात सजावट ही पायरी तळाकडे आहे आणि ते तिला सहभाग मानतच नाहीत. तशा गटाला मी स्वतः नकार द्यायला सांगते.

ही मुलगी गटात गेली. आईने आत बसू नये, अशी तिची अट होती. पहिल्या बैठकीच्या वेळी आई माझ्या खोलीत थांबली आणि तासाभरात तिने घड्याळाकडे किती वेळा पाहिले हे मी मोजले नाही. मुलगी बाहेर आली तेव्हा "काय सांगितलेस?" हा प्रश्न आईच्या ओठांपर्यंत आलेला मला दिसला. तिने तो गिळला आणि विचारले, "कंटाळा आला का ग?"

"थोडा," मुलगी म्हणाली. "घरातल्या माणसांच्या चेहऱ्यांचा प्रश्न ते आता घालणार आहेत. आणि पानांवर क्रमांकच नव्हते, तेही घालायला सांगितले."